फाइलचं शेपूट

(नाशिकमध्ये ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मागच्या खुर्च्यांपर्यंत आवाज येतोय ना? बरं. अध्यक्षांनी मला दोनच गोष्टी बजावल्यात. सोपं बोला आणि साडेसातच्या आत आवरा, नाहीतर चहा गार होतो.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. १९९६च्या सुमारास रविवार कारंज्याजवळ माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवायचं, छोटं दुकान होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं अशी कामं. मजकूर फ्लॉपीवर, म्हणजे फाइली ठेवायच्या चपट्या चकतीवर, यायचा. ऐन लग्नसराईत एका गिऱ्हाइकाची फ्लॉपी मशीनमध्ये तशीच राहिली आणि लाइट गेले. लाइट आल्यावर मी बटण दाबलं. तेव्हाचे कॉम्प्युटर सुरू होताना आधी फ्लॉपी चाचपायचे, आणि तिच्या अगदी पहिल्या कप्प्यात व्हायरस बसला होता. तो मशीनमध्ये शिरला. पुढं जी फ्लॉपी आत गेली, ती लागण घेऊनच बाहेर पडली. आठवड्याभरात मेनरोडवरच्या तीन छापखान्यांतून मला शिव्या आल्या. सगळ्या पत्रिका पुन्हा टाइप केल्या. त्या घाईत एकीवर वराच्या जागी मामाचं नाव छापलं गेलं, ते प्रकरण वेगळंच!

व्हायरस म्हणजे काय, तर माणसानं लिहिलेला प्रोग्राम. फरक इतकाच, की तो मालकाला न विचारता कामं करतो आणि स्वतःच्या नकला काढतो. पीसीवर गाजलेला पहिला व्हायरस म्हणजे १९८६चा ‘ब्रेन’. तो लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. आपल्या सॉफ्टवेअरची चोरी होते म्हणून त्यांनी तो बनवला, आणि त्यात चक्क स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबर टाकला. आजच्या चोराकडून एवढ्या सज्जनपणाची अपेक्षा ठेवू नका.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ४ मे २००० रोजी जगभर लाखो लोकांना ईमेल आला. विषय ‘आय लव्ह यू’. सोबत फाइल. तिचं पूर्ण नाव लक्ष देऊन ऐका: ‘लव्ह लेटर फॉर यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस’. टीएक्सटी म्हणजे साधा मजकूर, निरुपद्रवी. व्हीबीएस म्हणजे चालणारा प्रोग्राम. फाइलच्या नावाचा हा शेवटचा तुकडा, म्हणजे शेपूट, विंडोज बऱ्याचदा लपवून ठेवायचं, त्यामुळे लोकांना फक्त टीएक्सटी दिसलं. उघडली फाइल. तिनं फोटो खराब केले आणि आउटलुक या ईमेलच्या प्रोग्राममधल्या पत्त्याच्या वहीतल्या प्रत्येकाला स्वतःची नक्कल पाठवली. म्हणून पत्र अनोळख्याकडून नाही, ऑफिसातल्या कुलकर्णीबाईंकडून आलं असं वाटायचं. आता कुलकर्णीबाईंचं पत्र कोण उघडणार नाही?

(हशा)

हसताय, पण आज तेच चाललंय. व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका येते. पाठवणाऱ्याचं नाव ओळखीचं. खाली लिहिलेलं, ‘सहकुटुंब यावे’. हा बघा, पडद्यावर फोटो मोठा करतो. नाव वाचा. ‘लग्नपत्रिका डॉट एपीके’. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनचं अ‍ॅप. पत्रिका फोटो असते, पीडीएफ असते, फार तर व्हिडिओ. पत्रिका कधी अ‍ॅप नसते, हो! वाहतूक दंडाची पावती, बँकेचा केवायसी, वीजबिल, सगळ्यांच्या नावानं हाच माल फिरतो.

दाबल्यावर काय होतं ते सावकाश सांगतो. फोन आधी अडवतो. म्हणतो, इथून आलेलं अ‍ॅप घ्यायला परवानगी नाही. मग आपण स्वतः सेटिंग्जमध्ये जाऊन खटका सरकवतो. अ‍ॅप बसतं आणि एसएमएस वाचायची परवानगी मागतं. लग्नपत्रिकेला तुमचे एसएमएस कशाला हवेत? पण आपण घाईत ‘अलाउ’ दाबतो. तिथं डाव संपला. बँकेचा ओटीपी तुमच्या फोनवर येतो आणि तिकडे चोराला पोचतो. तुम्ही झोपलेले असता. कधीकधी तुमच्याच व्हॉट्सअ‍ॅपवरून तीच पत्रिका भजनी मंडळाच्या ग्रुपवर जाते. माझ्या फ्लॉप्या गेल्या होत्या ना, तशीच.

नाशिकरोडला नोटा छापतात. पाचशेची नोट हातात आली की आपण उजेडात धरतो, तार बघतो, गांधीजी चाचपतो. फाइलच्या नावाचं शेपूट बघायला मात्र आपल्याला वेळ नसतो.

अपवादही सांगायला हवा, नाहीतर तुम्ही म्हणाल, बोट आवरलं की झालं. १२ मे २०१७ला ‘वॉनाक्राय’ आला. त्याला कुणी काही दाबायची गरजच नव्हती. विंडोजमधल्या एका भोकातून तो नेटवर्कवरच्या एका मशीनमधून दुसऱ्यात आपोआप शिरायचा, फाइली कुलूपबंद करायचा आणि तीनशे डॉलर मागायचा, तेही बिटकॉइन या इंटरनेटवरच्या चलनात. ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांचं काम अडलं. गंमत म्हणजे ते भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. इथं द्राक्षबागायतदार असतील. डाऊनी रोग पानावर दिसल्यावर फवारणीला धावणाऱ्याचं काय होतं, ते तुम्ही मला शिकवाल. अपडेट म्हणजे ती आधीची फवारणी. ‘नंतर आठवण करा’ हे बटण मला अजिबात आवडत नाही.

डिजिटल अरेस्ट, म्हणजे खोटा पोलीस व्हिडिओ कॉलवरून ‘अटक’ करतो तो प्रकार, त्याबद्दल फार बोलत नाही. कायद्यात असली अटक नाही. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस दिसला की फोन ठेवा, उद्धट वाटलं तरी चालेल. आणि यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही. कुणी ‘पैसे पाठवतोय, पिन टाका’ म्हणालं, की तो घेणारा आहे.

(एका काकूंचा प्रश्न: माझ्याकडून दाबलं गेलं असेल तर?)

पहिल्यांदा घाबरून गप्प बसू नका. सून रागावेल म्हणून दोन दिवस लपवून ठेवणारे मी पाहिलेत, तेवढ्यात खातं रिकामं होतं. फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद करा. दुसऱ्याच्या फोनवरून १९३० लावा, हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. लगेच बँकेला सांगून कार्ड आणि यूपीआय बंद करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेतच अडवायची शक्यता जास्त. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून, लागण झालेल्या नाही.

(एका आजोबांचा प्रश्न: आणि पत्रिका खरी असली तर? नातलग रुसतील.)

आजोबा, सरळ फोन लावा आणि विचारा, ‘तुमची फाइल आली, पण ती एपीके दिसते, तुम्हीच पाठवली का?’ खरी असेल तर फोटो पाठवतील. तुम्ही आठवणीनं फोन केलात म्हणून खूश होतील. आणि त्याच फोनमध्ये मुहूर्त आणि जेवणाची वेळ विचारून घ्या, पत्रिकेत तसंही दुसरं काय बघतो आपण?