हेस्टिंग्जचा एक डाव

नमस्कार श्रोतेहो. बुद्धिबळाचा पट हाताशी असेल तर मांडून बसा. नसेल तर मी सांगतो तसा डोळ्यांसमोर आणा.

डाव आहे इंग्लंडमधल्या 1930-31च्या हेस्टिंग्ज स्पर्धेतला. काळी मोहरी क्यूबाच्या कापाब्लांकांकडे. माजी जगज्जेते, 1916 ते 1924 या काळात तर त्यांना कुणी हरवूच शकलं नव्हतं. समोर पंजाबचे मीर सुलतान खान. जमीनदार सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेले, त्यांच्याचबरोबर 1929 साली इंग्लंडला आले आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद घेऊन मोकळे झाले!

ते मूळचे देशी पद्धतीचे खेळाडू. त्या पद्धतीत प्यादं पहिल्या खेळीतही एकच घर सरकतं, किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवून राजाला आडोशाला नेणं, नसतो. त्यामुळे डावाची सुरुवात ही त्यांची कच्ची बाजू, असं सगळेच म्हणत.

आता बघा. सुरुवात झाली क्वीन्स इंडियन बचाव नावाच्या, काळ्याच्या एका ठरावीक मांडणीची. पाचव्या खेळीला सुलतान खानांनी काय केलं? वजिराच्या बाजूच्या हत्तीपुढचं प्यादं एक घर सरकवलं. बस्स, एवढंच. दिसायला वेळकाढूपणा; पण काळ्या उंटाने पुढे येऊन पांढरा घोडा जखडायचा, ती वाटच बंद झाली. पुढे हीच कल्पना नंतरचे जगज्जेते पेत्रोस्यान यांच्या नावाने ओळखली गेली आणि आणखी एक जगज्जेते कास्पारोव्ह यांनी ती गाजवली. कच्ची बाजू म्हणे!

कापाब्लांकांनी किल्लेकोट केला. सुलतान खानांनी केलाच नाही, उलट राजाच्या बाजूची प्यादी पुढे रेटली. एकविसाव्या खेळीला काळा हत्ती थेट पांढऱ्याच्या पहिल्या ओळीत उतरला, शह! राजा एक घर पुढे सरला. लगेच दुसऱ्या हत्तीचा शह, आणि वजीर वाचेना. सुलतान खानांनी वजीर दिला, बदल्यात दोन्ही हत्ती घेतले.

मला विचाराल तर खरा डाव इथून सुरू होतो. काळा वजीर एकटाच पांढऱ्याच्या मुलखात हिंडतोय, आणि दोन हत्ती, दोन उंट त्याच्या वाटा एकेक करून आवळताहेत. घाई नाही, दिखाऊ मारामारी नाही. असं चाळीसेक खेळ्या चाललं. पासष्टाव्या खेळीनंतर कापाब्लांकांनी डाव सोडला.

स्पर्धा जिंकली ती नेदरलँड्सच्या मॅक्स यूवे यांनी; कापाब्लांका दुसरे, सुलतान खान तिसरे. 1933 साली ते मायदेशी परतले आणि मोठ्या स्पर्धांतून दिसेनासे झाले. फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, त्यांना मानद ग्रँडमास्टर हा सर्वोच्च किताब दिला तो 2024 साली. त्यांना जाऊन तोवर जवळपास 58 वर्षं झाली होती.