वेगवान जुनी गाडी आणि आरटीओचा सीमाप्रश्न

मंडळी, बेळगावात सीमाप्रश्नावर व्याख्यानं काही कमी झालेली नाहीत. आजच्या सीमाप्रश्नात मात्र एका बाजूला तुम्ही आहात आणि दुसऱ्या बाजूला आरटीओ. खिशात सहा लाख आहेत, डोक्यात टर्बो इंजिनाची जुनी गाडी आहे, आणि मोबाइलवर कोल्हापूरची एमएच-०९ पासिंगची गाडी दिसतेय, इथल्या केए-२२ पेक्षा पन्नास हजारांनी स्वस्त. हात लगेच टोकनकडे जातो. थांबा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त काळ इथे ठेवायची असेल, तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, नव्या नंबरासाठी फॉर्म २७, नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. कर्जावरची गाडी असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. कागद गोळा होतात हो, खरा दणका लाइफटाइम टॅक्सचा. कर्नाटकात नव्या कारला किमतीप्रमाणे १३ ते १८ टक्के टॅक्स आहे. परराज्यातली जुनी गाडी आली की वयाप्रमाणे तो कमी होतो, पण धरला जातो गाडीच्या मूळ किमतीवर. तुम्ही साडेतीन लाखांना घेतलीत म्हणून साडेतीन लाखांवर नाही. पळणारी गाडी नवी असताना महागच होती, म्हणून तिचा टॅक्सही जड. सात-आठ वर्षांनीसुद्धा तो किरकोळ होत नाही. मूळ राज्यातून उरलेल्या टॅक्सचा परतावा मागता येतो, पण तो इथला टॅक्स भरून नवा नंबर मिळाल्यावर, आणि तो कुणी घ्यायचा हे व्यवहाराच्या कागदावर लिहिलं नसेल तर त्यावरूनच भांडण. तेव्हा टोकन द्यायच्या आधी आरसीची प्रत घेऊन बेळगाव किंवा चिक्कोडीच्या आरटीओत टॅक्सचा आकडा काढून घ्या. पन्नास हजारांची स्वस्ताई कितीदा तिथेच संपते.

दिल्ली पासिंगची गाडी आणखी स्वस्त दिसेल. तिकडे डिझेलला दहा वर्षांची आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा घातली गेली, म्हणून ती दक्षिणेत येते. इंजिन धडधाकट असूही शकतं. पण टॅक्स, एनओसी आणि वाहतूक मिळून हिशेब जुळतो का, ते पाहूनच बोला.

सहा लाखांचं बजेट म्हणजे सहा लाखांची गाडी नव्हे. गाडीला साडेचार, नावावर करणं, टॅक्स आणि विमा यांना पन्नास हजार, आणि एक लाख बाजूला. तो लाख पहिल्या तीन महिन्यांत लागतोच: चार टायर, ब्रेक, सगळी तेलं, दोन-चार बुश, एखादा सेन्सर. ‘सगळं करून ठेवलंय, फक्त पेट्रोल घाला’ असं म्हणणाऱ्याकडे बिलं मागा. बिलं नसतील तर काहीच केलेलं नाही असं धरून भाव करा.

आता कोणती घ्यायची? आपल्याकडे पीएसचा, म्हणजे हॉर्सपॉवरचा, आकडा पाहून जीव टाकायची सवय आहे. आकडा वजनाने भागून बघा. फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय १.२ लिटर टर्बो, १०५ पीएस, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क म्हणजे ओढायची ताकद, वजन अकराशे किलोच्या आसपास. मारुती बलेनो आरएस एक लिटर बूस्टरजेट, १०२ पीएस, १५० न्यूटन-मीटर, पण वजन साडेनऊशेच्या आसपास, आणि चारही चाकांना डिस्क. कागदावर पोलो मोठी, टनाला पीएस काढले तर बलेनो पुढे. साधी २०२१ ते २०२४ च्या सुरुवातीपर्यंतची स्विफ्ट, ९० पीएस आणि नऊशे किलोच्या आत, हीसुद्धा या हिशेबात पोलोच्या मागे राहत नाही. फरक आहे तो टॉर्कचा. टर्बो गाडी दोन हजार आरपीएमलाच ओढते, स्विफ्टला इंजिन पिळावं लागतं. चोर्ला घाटाच्या वळणांवर ज्याला गिअर टाकत गाडी पळवायला आवडते, त्याने स्विफ्टला कमी लेखू नये. क्लच प्लेटपासून बंपरपर्यंत सगळं तिचं इथे मिळतं.

फियाट पुंटो अबार्थची गोष्ट वेगळी. १.४ लिटर टी-जेट, १४५ पीएस, २१२ न्यूटन-मीटर, हायड्रॉलिक स्टिअरिंग. या पैशांत एवढी मजा दुसरी गाडी देणार नाही, हे मान्य. पण फियाटने आपल्या गाड्या इथे बंद केल्या आणि अबार्थ मुळातच थोड्या विकल्या गेल्या. हेडलाइट फुटला तर महिनाभर गाडी उभी. घरात दुसरी गाडी असेल, पार्ट हुडकायची हौस असेल आणि टी-जेट उघडलेला मेस्त्री माहीत असेल तरच. टाटाच्या ११४ पीएसच्या टियागो जेटीपीचंही असंच: इंजिनाचे बरेच पार्ट टाटाच्या ओळखीचे, पण तिचे बंपर आणि बॉडीकिट शोधत बसावं लागेल. फोर्डची फिएस्टा १.६ एस, १०१ पीएस, अजून गोड चालते. पण २०२१ साली फोर्डने भारतातलं उत्पादन गुंडाळायचं जाहीर केलं, आणि त्या गाड्यांचं वयही झालं. गाडी निवडण्याआधी एक साधा प्रश्न विचारा: तिचं वर्कशॉप बेळगावात आहे, की दर वेळी कोल्हापूर नाहीतर हुबळी गाठायची?

पोलो जीटी टीएसआयबद्दल जरा थांबून बोलतो, कारण सर्वांत जास्त मोह तिचाच पडतो. २०१३ पासूनच्या १.२ टीएसआयला सात गिअरचा डीएसजी म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, डीक्यू२०० नावाचा, कोरड्या क्लचचा. कोरडा म्हणजे क्लच तेलात बुडालेले नसतात, म्हणून गर्दीत रांगताना तापतात. पहिल्यावरून दुसऱ्यात जाताना गाडी थरथरली तर क्लच घासलेत. गिअरचं चिन्ह लुकलुकायला लागलं, रिव्हर्स पडेना किंवा सम नाहीतर विषम आकड्यांचे गिअर एकदम गायब झाले, तर मेकॅट्रॉनिक गेलं. गिअर बदलणारा हायड्रॉलिक आणि इलेक्ट्रॉनिक भाग एकत्र असलेला तो डबा, नवा घातला तर बिल लाखाच्या पुढे. हायवेवर हा गिअरबॉक्स लोण्यासारखा चालतो, विकणाराही तुम्हाला हायवेवरच नेईल. तुम्ही गाडी चांगली तापवून खडेबाजारच्या गर्दीत अर्धा तास रांगवा, मग चढावर उभी करून ब्रेक सोडा, मग रिव्हर्समध्ये चढ चढवा. कमी बजेटवाल्याने २०२० नंतरची एक लिटर टीएसआय, ११० पीएसची, मॅन्युअल शोधावी. मिळायला वेळ लागेल, पण झोप लागेल. डिझेल जीटी टीडीआय १.५, ११० पीएस आणि २५० न्यूटन-मीटर, पाच गिअर मॅन्युअल: रोज हुबळी नाहीतर कोल्हापूर करणाऱ्याला उत्तम, आठवड्याला तीस किलोमीटर चालवणाऱ्याला नको.

यापुढचा भाग आपल्या भागासाठी सगळ्यांत महत्त्वाचा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१. कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा सगळ्याच फुगल्या होत्या, सांगली-कोल्हापुरापासून निपाणी-चिक्कोडीपर्यंत पाणी. त्या पाण्यात बुडालेल्या गाड्या भंगारातच गेल्या असं नाही. कितीतरी धुऊन, पॉलिश मारून पुन्हा बाजारात आल्या. वरून ओळखू येत नाहीत. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटचा वीतभर भाग बघा: तिथे मातीची रेघ राहते. सीट पुढे-मागे करून खालच्या पट्ट्या आणि बोल्टवर गंज बघा. ड्रायव्हरच्या पायाजवळचं कार्पेट उचला. वरचं धुतलेलं असतं, खालच्या फोममध्ये गाळ असतो. डिकीतली स्टेपनी काढून खालची खोलगट जागा बोटाने पुसा. कृष्णाकाठचा गाळ काळपट, खानापूरकडची माती तांबडी. गाडी कुठल्या पाण्यात न्हाली तेही कळतं. डॅशबोर्डखालचा एखादा वायरचा जोड उघडून आत हिरवट बुरशीसारखं दिसलं तर तिथूनच नमस्कार करून परत या. एअरबॅगचा कंट्रोल बऱ्याच गाड्यांत गिअर लिव्हरच्या आसपास, जमिनीला लागून असतो, म्हणून इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून विझतो का, हे नीट बघा. दिवा पेटलाच नाही तर बल्ब काढलाय.

बुडालेलं इंजिन कुणी तसंच सुरू केलं असेल तर सिलिंडरमध्ये पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. असं इंजिन पुढे वर्षभर चालतंही, म्हणून फसायला होतं. कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजून घ्या. चार सिलिंडरमधला आकडा किती आहे यापेक्षा चौघांत फरक किती हे बघा. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा टक्के खाली असेल तर कारण सापडेपर्यंत व्यवहार नको. गोव्याच्या गाड्यांचं दुखणं वेगळं. खाऱ्या हवेने बोनेटच्या बिजागऱ्या, खालची फ्रेम आणि ब्रेकचे लोखंडी पाइप खाल्लेले असतात. गाडी रॅम्पवर चढवल्याशिवाय ते दिसत नाही.

इंजिन थंड असतानाच बघायला जा. ‘तुम्ही येणार म्हणून गरम करून ठेवली’ म्हणाला तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. थंड इंजिन सुरू केल्यावर चेनचा खडखडाट दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टिकला तर टायमिंग चेन ताणलीय. बेल्टवाली गाडी असेल तर बेल्ट आणि वॉटरपंप कधी बदलला त्याचं बिल पाहिजे. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. गाडी तापल्यावर दुसऱ्या गिअरमध्ये उतारावर ॲक्सिलरेटर सोडून खाली या आणि परत दाबा. मागून निळा धूर आला तर व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोचं सील गेलं. टर्बोची हवा गार करणाऱ्या इंटरकूलरचा पाइप सोडून आत बोट फिरवा; थोडा ओलसरपणा चालतो, तेल साचलेलं चालत नाही. चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर पूर्ण ॲक्सिलरेटर द्या: आरपीएम चढतोय आणि वेग चढत नाही, म्हणजे क्लच सरकतोय.

पळणारी गाडी असली की आधीच्या मालकाने रीमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरचं (ईसीयूचं) सॉफ्टवेअर बदललेलं असायची शक्यता मोठी. विकताना ‘स्टॉक आहे’ म्हणतात. एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा मोडलेल्या, सायलेन्सरच्या जोडाला नवं वेल्डिंग, ईसीयूच्या सीलवर पेचकसाच्या खुणा, ही लक्षणं. रीमॅपने टर्बोवर आणि क्लचवर बोजा वाढतो आणि विमा कंपनीला नकार द्यायला कारण मिळतं. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारा हजार-बाराशेचा ओबीडी स्कॅनर जवळ ठेवा. नुसते फॉल्ट कोड बघू नका, ‘रेडिनेस’ बघा, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात का ते. सगळं अपूर्ण दाखवत असेल तर सकाळीच कोड पुसलेत. पन्नास-साठ किलोमीटर चालवून परत लावा.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर घ्या. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन. २०० च्या वर म्हणजे परत रंगवलेली, ५०० च्या वर म्हणजे आत लांबी (पुट्टी) भरलेली. बंपरवर ओरखडे कुणाच्याही गाडीला पडतात, ते सोडा. छत, खांब आणि पुढच्या चॅसीच्या टोकांवर मात्र फरक खपवून घेऊ नका. टायरवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर खाचा शिल्लक असल्या तरी बदलायचा. चार कंपन्यांचे चार टायर घातलेल्या माणसाने तेलही वेळेवर बदललेलं नसतं. ब्रेक डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते, तेवढी आहे का बघा. आणि वंटमुरी घाट उतरताना ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग हातात थरथरलं तर डिस्क वाकड्या आहेत. जुनी गाडी असेल तर पेट्रोलच्या रबरी नळ्याही बघा. पंपांवर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, आणि २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. नळीला भेगा किंवा बोनेटखाली पेट्रोलचा वास असेल तर आधी त्या बदला, मग घाटात जा.

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल आणि फिल्टर, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, ब्रेक ऑइल, कूलंट. टर्बोला तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच. आणि पैसे देताना डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही लिहा, तास-मिनिटांसकट, दोघांच्या सह्या घ्या. परिवहनच्या साइटवर जुने दंड बाकी आहेत का ते त्याच्यासमोरच बघा आणि भरायला लावा. नोंद तुमच्या नावावर होईपर्यंत हायवेवरचा कॅमेरा दंडाची पावती जुन्या मालकालाच पाठवतो, आणि तो ती तुमच्याकडे पाठवतो. कोणती पावती कुणाची, ते मग त्या नोटेवरची वेळच ठरवते.