दोरा, वारा आणि पंधरा तास

(विलेपार्ले येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मघाशी पहिल्या रांगेतल्या आजींनी मला विचारलं, “लेक न्यू जर्सीला असते. इथून जाताना विमानाला वेळ जास्त लागतो, तिकडून येताना कमी. रस्ता तर तोच ना?” आजी, दोन्ही वेळा रस्ता तोच असेल असं नाही, आणि असला तरी त्यावरचा वारा वेगळा असतो.

आधी रस्ता बघू. हा शाळेतला पृथ्वीगोल. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरतो आणि ताणतो. बघा कुठे सरकला! भिंतीवरच्या नकाशात आपण अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक अशी सरळ रेघ मारू. दोरा मात्र मुंबईहून जवळपास उत्तरेलाच निघाला. पाकिस्तान, कझाकस्तान, मॉस्कोचा परिसर, स्वीडन आणि मग थेट आइसलँड. हे अंतर भरतं साधारण १२,५०० किलोमीटर. नकाशावरची ‘सरळ’ रेघ धरली तर १४,२००. म्हणजे चपट्या कागदावर विश्वास ठेवला तर जवळजवळ दोन तासांचं इंधन फुकट जाळायचं.

आता वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात, त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात त्यांना आणखी जोर चढतो. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० धरा. समोरून सरासरी ५० चा वारा असेल तर १२,५०० किलोमीटरला पावणेपंधरा तास लागतात; तोच पाठीशी असेल तर सव्वातेरा. आजी, तुमच्या लेकीचा दीड तास इथे जातो.

मी उड्डाण-नियोजनात नोकरी केली. रात्रपाळीला वाऱ्याचा तक्ता टेबलावर पसरायचा. त्यावर बाणांसारख्या खुणा असतात, आणि बाणाच्या शेपटीला जितकी जास्त पिसं तितका वारा जोराचा. पिसांची दाटी दिसली की पेन्सिल आपोआप खाली, दक्षिणेकडे वळायची. अंतर वाढायचं, तरी विमान लवकर पोचायचं. पहिल्यांदा हे हिशेबात उतरलं तेव्हा मी तीनदा बेरीज तपासली होती. त्या रात्रीपासून कुणी “किती लांब?” विचारलं की मी किलोमीटर सांगत नाही, तास सांगतो.

पण दोरा आणि वारा दोन्ही जुळले तरी आकाश मोकळं हवं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि रशियाचं आकाश अमेरिकी नि युरोपीय कंपन्यांना बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं. आता पुन्हा दोऱ्याकडे बघा. भारतीय विमानांना वाटेतलं पहिलं दार बंद, अमेरिकी नि युरोपीय विमानांना मधलं. वळसा घ्यायचा तर इंधन जास्त, इंधन जास्त तर वजन जास्त, आणि ते वजन वाहून न्यायला पुन्हा इंधन. शेवटी काही माल किंवा काही माणसं खाली ठेवावी लागतात. मला याचं फार वाईट वाटतं. भांडणं जमिनीवरची, आणि त्यांची किंमत मोजतात नातवंडांना भेटायला निघालेली माणसं.

आजी, तुम्ही आणखी एक विचारलंत: लेक रात्री एकला निघते आणि त्याच सकाळी सातला तिकडे उतरते, ते कसं? उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असतं. तिकडे सकाळचे सात म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेचार. रात्री एकपासून मोजा, साडेपंधरा तास. ती उतरते तेव्हा तुमच्याकडे चहा उकळत असतो.