गुलाबी रंग येईपर्यंत

लघुमाहितीपटाचं निवेदन. चित्रीकरण : पेठ रस्ता, पेठ तालुक्यातली एक शाळा, नाशिक शहर.

(सकाळ. पेठ रोड, आरटीओ कॉर्नर. चहाच्या टपरीवर वाफ. चौघं एका पांढऱ्या गाडीत बसतात.)

गाडी एकाची, पेट्रोल चौघांचं. हिशेब महिन्याच्या एक तारखेला. चौघंही जिल्हा परिषदेचे शिक्षक. शाळा चार, रस्ता एक. नाशिकचे शिक्षक याला ‘अप-डाऊन’ म्हणतात. गावातच का राहत नाहीत, हे आम्हीही विचारणार होतो. पण तो वेगळ्या फिल्मचा विषय आहे.

(सावळ घाट. धुकं. काचेवर वायपर. हा शॉट पूर्ण ठेवायचा.)

मागच्या सीटवर खिडकीशी बसलेत ते सर. वय पंचेचाळीसच्या आसपास. नाव सांगायचं नाही, शाळा सांगायची नाही, चेहरा समोरून दाखवायचा नाही, या तीन अटींवर ते कॅमेऱ्यापुढे आले. त्यामुळे या फिल्ममध्ये तुम्हाला त्यांचे हात जास्त दिसतील.

मांडीवर पुस्तक आहे. वळण आलं की मिटतात, रस्ता सरळ झाला की उघडतात. पुस्तक रसायनशास्त्राचं, इंग्रजीतलं. समासात पेन्सिलीने मराठी शब्द लिहिलेत. सर मराठी घेऊन बी.ए. झालेत. शाळेत ते सातवीला विज्ञान शिकवतात.

(हातांचा जवळून शॉट. समासातली अक्षरं.)

हे कसं झालं, ते नीट सांगायला हवं.

सरांनी बारावी सायन्सला केली. मग डी.एड., मग नोकरी. पुढे नोकरी करता करता बाहेरून बी.ए. उपशिक्षक म्हणून बरीच वर्षं पहिली ते पाचवीचे वर्ग सांभाळले. दरम्यान २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याची अनुसूची सहावी ते आठवीसाठी विषयाचे शिक्षक मागते : भाषेला एक, सामाजिक शास्त्राला एक, गणित-विज्ञानाला एक. भाषेचे आणि सामाजिक शास्त्राचे पदवीधर गुरुजी खात्यात भरपूर होते. बी.एस्सी. झालेले कमी, कारण बारावी सायन्सनंतर डी.एड.ला गेलेल्या पोराने पुढे बी.ए. करणं हाच सोयीचा रस्ता होता. नोकरी सांभाळून प्रयोगशाळेत कोण जाणार?

मग तोडगा निघाला. बारावी सायन्स असेल तर विज्ञानाच्या पदवीधर शिक्षकाची जागा घ्या, ठरलेल्या मुदतीत विज्ञानाची पदवी आणा. स्टाफरूममध्ये अशा माणसाची ओळख दोन शब्दांत होते : ‘बारावी सायन्सवर’. सर त्यांतलेच.

कॅलिफोर्नियात हेच काम परवान्यावर चालतं. तिथे पूर्ण पात्र शिक्षकाला स्वतःच्या विषयाबाहेर शिकवायचं असेल, तर राज्याचा आयोग एका वर्षाचा मर्यादित परवाना देतो. तो दोनदाच वाढवून मिळतो, आणि दर वेळी त्या विषयाचा ठरलेला अभ्यास किंवा परीक्षा झाल्याचं दाखवावं लागतं. नोकरीत कायम नसलेल्या शिक्षकाला त्या विषयातला अनुभवी माणूस मार्गदर्शक म्हणून द्यावा लागतो. तिथे सगळं छान आहे, असं आमचं म्हणणं नाही. पण त्या कागदात शिक्षकाने काय करायचं हे लिहिलंय, तसं शाळेने काय द्यायचं हेही लिहिलंय. सरांच्या आदेशात फक्त पहिला भाग आहे.

(शाळा. पत्र्यावर पाऊस. वर्गात सातवीची मुलं, खिडकीपलीकडे भाताचं खाचर.)

ऑगस्ट महिना. धडा ‘स्थितिक विद्युत’. प्रयोग सोपा. प्लॅस्टिकची पट्टी कोरड्या केसांवर घासायची आणि कागदाच्या कपट्यांवर धरायची. कपटे उडून पट्टीला चिकटतात.

(सरांचा हात. पट्टी. कपटे. काहीच होत नाही.)

एकदा. दोनदा. पाचव्या वेळेला मुलं हसायला लागली. सरांनी पट्टी बदलली, डोकं बदललं, म्हणजे दुसरा मुलगा पुढे बोलावला. कपटे हलेनात.

पुढचं आम्ही ठरवून टिपलेलं नाही. कॅमेरा चालू राहिला होता, एवढंच.

(तिसऱ्या बाकावरची मुलगी उठते. पट्टी घेऊन बाहेर. कॅमेरा मागे. स्वयंपाकाची शेड, खिचडीचं पातेलं.)

ती पट्टी चुलीच्या आचेपाशी धरते. फार जवळ नाही, वाकेल इतकी नाही. उलटसुलट करते. मग ओढणीचं टोकही शेकते. परत येते, त्याच टोकाने पट्टी घासते.

(कपटे उडतात. इथे निवेदन नाही. आठ सेकंद.)

हिला हे कुणी सांगितलं? कुणीच नाही. पावसाळ्यात घरचा ढोल सादळला की वाजवण्याआधी शेकतात, हे तिने पाहिलं होतं. पट्टीही सादळली असेल, असं तिला वाटलं. बरोबर वाटलं. दमट हवेत पट्टीवर पाण्याचा अगदी पातळ थर बसतो, आणि घासून तयार झालेला विद्युतप्रभार त्यातून निसटतो. जानेवारीत हाच प्रयोग पहिल्या फटक्यात होतो.

त्या दिवशी सरांना याचं कारण माहीत नव्हतं. त्यांनी ते लपवलं नाही. पोरीला विचारलं, तिचं ऐकलं, संध्याकाळी घरी जाऊन वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन शब्द लिहिले.

(फळा. ‘सादळणे’. त्याच्याखाली ‘आर्द्रता’.)

घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या आणि शाळेत पुस्तकी मराठीशी झगडणाऱ्या मुलांसाठी हे दोन शब्द एकाखाली एक लिहिणं, हे भाषेच्याच माणसाला सुचतं. विज्ञानाचा शिक्षक असता तर पट्टी आधीच सुकवून आणली असती आणि तास वेळेत संपला असता. दोन्ही खरं आहे.

(नाशिक. गंगापूर धरणाकडे जाणारा रस्ता. गोवर्धन. विद्यापीठाची कमान.)

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. स्थापना जुलै १९८९. पहिले कुलगुरू राम ताकवले. ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. शिक्षण सुटलेल्यांसाठी हे दार उघडलं होतं. आज त्याच दारातून शिक्षकही आत येतात. सरांनी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी इथे बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. पुस्तकं गाडीत वाचता येतात. प्रॅक्टिकल गाडीत होत नाही.

(एका महाविद्यालयाची प्रयोगशाळा. रविवार. लाकडी टेबलं, ब्यूरेटची रांग.)

आमच्याकडचं सगळ्यात चांगलं चित्रीकरण इथलं आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

ब्यूरेटमध्ये, म्हणजे खुणा आणि तोटी असलेल्या उभ्या काचनळीत, सोडियम हायड्रॉक्साइड हे आम्लारी. खाली शंकुपात्रात हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब. आम्लात ते रंगहीन असतं, आम्लारीत गुलाबी; आम्ल नेमकं कधी संपलं, हे त्या रंगावरून कळतं. डावा हात ब्यूरेटच्या तोटीवर, उजव्या हाताने पात्र गोल गोल हलवायचं. थेंब पडला की क्षणभर गुलाबी ठिपका उमटतो आणि विरतो. सुरुवातीला लगेच विरतो, नंतर रेंगाळतो. रेंगाळायला लागला की हात आवरायचा.

(थेंब. गुलाबी. विरतो. थेंब. शेजारच्या टेबलावर विशीतली मुलं.)

सरांचा हात आवरला नाही. एक थेंब जास्त गेला आणि पात्र गडद गुलाबी झालं. दिसायला फार सुंदर. प्रयोग म्हणून फुकट. धुवा, पिपेटने पुन्हा दहा मिलिलिटर घ्या, पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्यांदा रंग बरोबर आला, वाचन चुकलं. नळीतल्या द्रवाचा पृष्ठभाग मधे खोलगट असतो, आणि त्याच्या तळाशी डोळा सरळ रेषेत ठेवून आकडा वाचायचा. सरांचा चष्मा दोन नंबरांचा. वरच्या काचेतून बघायचं की खालच्या, हे ठरेना. शेवटी सर गुडघ्यावर बसले.

(सर गुडघ्यावर. फक्त पाठ आणि हात.)

तिसऱ्यांदा फिका गुलाबी रंग. अर्धा मिनिट टिकला.

(पात्रामागे पांढरा कागद. रंग.)

सत्तावीस वर्षांपूर्वी बारावीच्या प्रॅक्टिकलला हे त्यांनी एकदा केलं होतं. त्यानंतर आज.

(रात्र. घर. टेबलावर दोन गठ्ठे : उत्तरपत्रिका आणि पुस्तकं.)

दुसऱ्या गठ्ठ्यात आता आणखी एक पुस्तक आलंय. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा शिल्लक असलेल्या, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायची. सर टीईटी सुरू होण्याच्या आधी नोकरीला लागलेले. दुसरा पेपर १५० गुणांचा, त्यातले ६० गणित-विज्ञानाचे. म्हणजे बी.एस्सी. चालू, टीईटी चालू, सातवीचा वर्ग चालू. आणि हे सगळं पार पडलं तर पगार वाढेल, असं समजू नका. पदवीधर शिक्षकांपैकी ३३ टक्क्यांनाच पदवीधराची वेतनश्रेणी, ही वर्षानुवर्षांची तक्रार आहे. पदवी मुदतीत आली नाही, तर पुन्हा उपशिक्षक.

(गडकरी चौक. आदिवासी विकास भवन, रात्री. सहा सेकंद.)

आश्रमशाळांची गोष्ट याहून बिकट आहे. २०२५ च्या पावसाळ्यात तिथल्या रोजंदारी कर्मचाऱ्यांनी बाह्यस्रोत, म्हणजे कंपनीमार्फत होणाऱ्या, भरतीच्या विरोधात याच इमारतीसमोर बिऱ्हाड मांडलं होतं. तेव्हा आम्ही चित्रीकरण करत नव्हतो.

(शाळेची घंटा. मुलं पळत बाहेर.)

मुलांचं थोडक्यात : सर बी.एस्सी. करत असताना सातवीचे तीन वर्ग त्यांच्या हाताखालून आठवीत गेले. चुलीवर पट्टी शेकणारी मुलगी पुढच्या जूनमध्ये जाईल.

(स्टाफरूम. टेबल. कोरा कागद. सरांचा हात लिहितोय.)

पुढचं प्रॅक्टिकल शनिवारी आहे, आणि शनिवारी सकाळची शाळा असते. सर किरकोळ रजेचा अर्ज लिहितायत. जागा खात्याची, अट खात्याची, मुदतही खात्याने घातलेली.

(हात थांबतो. पुन्हा लिहितो. अर्जावर जवळून : ‘कारण – घरगुती काम.’)

(काळा पडदा.)