कापून नेलेलं पान

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या हायस्कुलात दर महिन्याला एक गठ्ठा यायचा. गुळगुळीत कागदाचं रंगीत मासिक, आठवी ते दहावीच्या मुलींसाठी, फुकट. आत शाम्पूची पुडी चिकटवलेली. वाटायचं काम माझ्याकडे.

शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली. निम्म्या मुलींच्या घरी तेलुगू, आई विड्या वळणारी, वडील यंत्रमागावर. आणि अंकात काय, तर थंडीत कपड्यांवर कपडे कसे चढवावेत, गुडघ्यापर्यंतचे बूट कशावर शोभतात! "मॅडम, पाय शिजतील की ओ त्यात!" वर्गात एकच हशा. आपली थंडी म्हणजे संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेपुरती काढलेली शाल. बरं, शाळेचे गणवेश शिवून गावोगाव पाठवणारं हे शहर, पण त्या कपड्यांच्या पानांवर सोलापूर कुठं नाव घ्यायलाही नाही.

हसून झालं. मला खटकायचं ते वेगळंच. हीच जाहिरात टीव्हीवर लागली तर मुलगी उठून पाणी प्यायला जाते. इथं ती बाईंच्या हातून येते आणि पाठ्यपुस्तकांशेजारी दप्तरात बसते. म्हणजे उजळ रंगाच्या क्रीमवर शाळेचा शिक्का मीच मारत होते. अंक फुकट कसा परवडतो, हे मी तीन वर्षं विचारलं नाही. उत्तर मागच्या कव्हरवर ट्यूबच्या फोटोसकट छापलेलं असायचं.

एकदा आठवीला पेन्सिली काढायला लावल्या. जिथं काही विकायला ठेवलंय, तिथं फुली मारा म्हटलं. जाहिरातींवर फुल्या पटापट पडल्या. घोडं अडलं 'परीक्षेच्या दिवसांत केसांची निगा' या लेखापाशी. मागच्या बाकावरची एक म्हणाली, "मॅडम, पुडीचा रंग आणि या चौकटीचा रंग एकच आहे." माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मग त्यांना अमेरिकेतली गोष्ट सांगितली. 'सेव्हन्टीन' हे मुलींचं मासिक तिथं १९४४ पासूनचं. २०१२ साली एका १४ वर्षांच्या मुलीनं हजारो सह्या गोळा केल्या. मागणी एवढीच, की अंकात काही फोटो तरी हात न फिरवलेले छापा. मुलींच्या चेहऱ्याची, अंगाची ठेवण बदलणार नाही, असं मासिकाला छापून कबूल करावं लागलं. १४ म्हणजे आपल्याच वर्गातली की, असं म्हणून मुली एकमेकींकडे बघत राहिल्या.

तरी अंक बंद करायचं शाळेत जवळपास ठरलं होतं, माझाही होकार होता. मग ग्रंथालयाच्या कपाटातले जुने अंक काढले, तर प्रत्येकातलं एक पान गायब. ब्लेडनं सरळ कापलेलं. ते सापडलं कंपासपेट्यांत, चार घड्या घालून. प्रश्नोत्तरांचं पान होतं. पाळी दोन महिने आली नाही तर काय करायचं, अंगावरून पांढरं जातं तो आजार का, असले प्रश्न.

मी वर्गात बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला. नाव न लिहिता चिठ्ठ्या टाका म्हटलं. काही चिठ्ठ्या मराठी अक्षरांत तेलुगू लिहिलेल्या. त्या वाचायला मला शिपाईमावशी लागायच्या. सगळ्यात जास्त चिठ्ठ्या निळ्या गोळीबद्दल. शाळेत आठवड्याला एकदा लोहाची देतात ना, ती. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींना रक्तक्षय निघाला होता, आणि आमच्या गोळ्या खिडकीखाली पडलेल्या! कारण काय, तर मळमळतं, आणि शी काळी होते म्हणून पोरी घाबरतात. अहो, काळी होणारच, त्यात भ्यायचं काही नाही. गोळी जेवणानंतर घ्यावी, चहा तास-दोन तास लांब ठेवावा, जेवणात लिंबू पिळावं. एवढं सांगितलं तशा खिडकीखालच्या गोळ्या कमी झाल्या. अंकात हे कधी आलं नाही. निळ्या गोळीला जाहिरातदार नसतो.

गठ्ठा अजून येतो. आम्ही वाटतोही, पेन्सिलीसकट.

तुमच्या घरी दप्तरातून असा अंक आला, तर चाळून बघा. मधलं एखादं पान नसेल, तर कुणी कापलं म्हणून ओरडू नका. नमस्कार.