अलास्का हायवे आणि आपला मैलकुली

नमस्कार मंडळी. बोर्डावर विषय लिहिलाय, गोठलेल्या जमिनीवरचा रस्ता का खचतो. तिथे मी येणारच आहे, पण आधी तो रस्ता कुठला, कसा, हे सांगायला हवं. सार्वजनिक बांधकाम खात्यात माझी 32 वर्षं गेली, त्यातली बरीच कोकणातल्या घाटांत, त्यामुळे रस्ता दिसला की माझी नजर आधी साइडपट्टीकडे आणि गटाराकडे जाते, डोंगर-बिंगर नंतर.

मुलगी आणि जावई कॅनडात एडमंटनला असतात. तिकडे गेलो तेव्हा जावयांना म्हटलं, मला नायगारा नको, अलास्का हायवे दाखवा. ते म्हणाले, बाबा, तिथे नुसती झाडं आणि रस्ता आहे हो. म्हटलं, तेच तर बघायचंय! मग आम्ही चौघं निघालो. हिने पोळ्या, दशम्या, चटणी असं आठवडाभराचं बांधून घेतलं आणि ते फार उपयोगी पडलं, कारण तिकडे दोन पेट्रोलपंपांच्या मध्ये कधीकधी दीडशे किलोमीटर काहीच लागत नाही.

एडमंटनहून डॉसन क्रीक सुमारे 600 किलोमीटर. तिथे चौकात माइल झिरोचा खांब आहे. तिथून फोर्ट नेल्सन, लियार्डचे गरम पाण्याचे झरे (तिथे उतराच, मानेपर्यंत गरम पाणी आणि भोवती जंगल), वॉटसन लेक, व्हाइटहॉर्स, आणि शेवट अलास्कात डेल्टा जंक्शनला. आजच्या मापाने 2,230 किलोमीटरच्या आसपास. 1942 साली हाच रस्ता 2,700 च्या जवळपास होता. म्हणजे वळणं काढत काढत, चढ कमी करत करत चारशेपेक्षा जास्त किलोमीटर वाचवलेत लोकांनी! हे कुठल्या पोस्टरवर नसतं.

पोस्टरवर काय असतं, तर 'आठ महिन्यांत बांधलेला रस्ता'. माझं भांडण इथेच आहे. गोष्ट खोटी नाही. डिसेंबर 1941 ला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, अमेरिकेच्याच अलास्काला जमिनीवरून जायला रस्ताच नव्हता, मार्च 1942 मध्ये काम सुरू झालं, जूनमध्ये जपान्यांनी अलास्काची अट्टू आणि किस्का बेटं घेतली आणि ऑक्टोबरअखेर दोन्हीकडची टोकं जुळली. दहा हजारांवर अमेरिकन सैनिक, त्यातले साधारण एक तृतीयांश कृष्णवर्णीय, कारण तेव्हा सैन्यात रेजिमेंटसुद्धा रंगावरून वेगळ्या होत्या. 95 व्या रेजिमेंटने सिकानी चीफ नदीवरचा लाकडी पूल तीन-साडेतीन दिवसांत उभा केला, रात्री ट्रकच्या हेडलाइटमध्ये, थंडगार पाण्यात उतरून. मी आयुष्यात लहानमोठे बरेच पूल केलेत, तीन दिवसांत आमचं सेंटरिंगचं लाकूड साइटवर येत नसे! 25 ऑक्टोबरला बीव्हर क्रीकजवळ दोन बुलडोझर समोरासमोर आले, एकावर 97 व्या रेजिमेंटचा कृष्णवर्णीय कॉर्पोरल रिफाइन्स सिम्स आणि दुसऱ्यावर 18 व्या रेजिमेंटचा गोरा अल्फ्रेड जालुफ्का. दोघं हात मिळवतायत असा फोटो आहे, तो मी तिकडे बराच वेळ बघत उभा होतो. सैन्यातला हा भेद मोडण्याचा आदेश त्यानंतर सहा वर्षांनी, 1948 ला निघाला. आणि वाट दाखवणारे तिथले मूळ रहिवासी, ज्यांना नदीचा उतार कुठे मिळतो हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं, त्यांचं नाव तर फारच उशिरा घेतलं गेलं.

पण आठ महिन्यांत झाला तो पायोनियर रोड, म्हणजे ट्रक कसाबसा जाईल अशी वाट. 1943 ला ठेकेदारांनी त्यावर पुन्हा काम केलं. आणि उत्तरेत तर सैनिकांना जमिनीनेच धडा शिकवला. वर शेवाळाचा जाड थर, आपण कुठेही करतो तसा त्यांनी तो बुलडोझरने खरवडून काढला, आणि खालची वर्षानुवर्षं गोठलेली जमीन उन्हाला लागली. झालं, दोन दिवसांत चिखल, ट्रक ॲक्सलपर्यंत आत! तेव्हा कळलं की ते शेवाळ म्हणजे जमिनीची गोधडी आहे, ती काढायचीच नाही. मग झाडं तोडून ओंडके आडवे शेजारी शेजारी टाकले, वर भराव घातला आणि पुढे गेले.

आता मुख्य प्रसंग. क्लुएन तलाव संपला, डिस्ट्रक्शन बे मागे पडलं, आणि रस्ता लाटांसारखा व्हायला लागला, गाडी वर-खाली, हिचा हात हँडलवरून निघेना. पुढे काम चालू होतं म्हणून झेंडी दाखवून थांबवलं. पुढे राहून वाट दाखवणारी पायलट गाडी येईपर्यंत चाळीस मिनिटं. मी खाली उतरलो. थांबा-हळू असा फलक धरून एक बाई उभ्या होत्या, माझ्याच वयाच्या, डोक्यावर डासांची जाळी. मी सांगितलं, मी पण रस्त्याचाच माणूस. इतक्या खुलल्या त्या! म्हणाल्या, हाच तुकडा मागच्या उन्हाळ्यात सपाट केला होता, त्याच्या आधीच्यापण, मी दरवर्षी इथेच असते. मी विचारलं कंटाळा नाही येत? त्या म्हणाल्या, रस्ता चालू असतो ना, मग कसला कंटाळा.

मंडळी, मला तिथे आपला मैलकुली आठवला. माझ्या सुरुवातीच्या काळात घाटात ठरलेल्या लांबीला एक माणूस असे, घमेलं, फावडं, कुदळ घेऊन. पावसाच्या आधी गटार मोकळं करायचा, रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडातला पाला काढायचा. त्याला दरड कुठून येणार ते आमच्या आधी कळायचं. माझ्या भागातले एकेक निवृत्त होत गेले, त्या जागा भरल्या नाहीत, आणि मग एका पावसात...

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, तो भाग राहू दे, मूळ विषय भराभर सांगतो. डांबर काळं, ते उन्हात तापतं आणि उष्णता भरावात उतरते. हिवाळ्यात बर्फ बाजूला लोटला की तो साइडपट्टीवर रजईसारखा बसतो, बाहेर उणे चाळीस असलं तरी ती थंडी जमिनीत शिरत नाही. भरावाच्या पायथ्याशी पाणी साचतं, तेही उष्णता आत नेतं. म्हणून कडेची जमीन आधी वितळते, साइडपट्टी खचते आणि रस्त्याच्या लांबीने भेगा पडतात. उपाय आहेत. बीव्हर क्रीकजवळ 2008 पासून चाचणीचे तुकडे आहेत: मोठ्या दगडांचा भराव, म्हणजे थंड हवा आत खेळते, उतारावर बर्फ साचू नये म्हणून छपरं, फिकट रंगाचा पृष्ठभाग. सगळं महाग. आणि पैसा द्यायचा कुणी? रस्त्याचा हा भाग कॅनडात, वापर बराचसा अलास्काला जाणाऱ्यांचा, म्हणून 1977 च्या शकवाक करारात अमेरिकेने पुनर्बांधणीचा पैसा द्यायचा ठरलं. पुढे तो पैसा आटला. जमीन मात्र वितळायची थांबली नाही, उलट हवा तापतेय तशी जास्तच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की उद्घाटनाच्या तारखेइतकाच देखभालीचा हिशोब दगडावर कोरा, दरवर्षी किती मुरूम पडला, कोणी टाकला, त्या बाईंचं नावसुद्धा. खडी टाकलेल्या तुकड्यावर समोरच्या ट्रकने दगड उडवला, आमच्या काचेला तडा गेला, तो फोटो दाखवायचा होता, पण पुढचे वक्ते आलेत. ज्यांना जायचंय त्यांनी नंतर भेटा, कुठे पेट्रोल भरायचं ते मी वहीत लिहून ठेवलंय.