नवरंग: आधी ऐका, मग बघा

नमस्कार मंडळी. मिरगाचा पाऊस पडला की किनवट-माहूरकडच्या सागवानी जंगलात पहाटे दोन सुरांची खणखणीत शीळ घुमते: व्हीऽट-टिऊ! हा नवरंग पक्षी.

(फोटो) पाठ हिरवी, पोट बदामी, डोळ्यावर जाड काळा पट्टा, त्यावर पांढरी भुवई, पंखावर चमकता निळा आणि शेपटीखाली लालभडक. एवढे रंग, तरी दिसत का नाही? वरून पाहिलं तर हिरवी पाठच दिसते, लाल रंग खाली झाकलेला. शिवाय हा राहतो झुडपाखालच्या सावलीत. लांबी जेमतेम १९ सेंटिमीटर, शेपूट आखूड, पाय मात्र दणकट. टुणटुण उड्या मारत चोचीनं पाचोळा उलथायचा आणि खालचे किडे, गांडुळं टिपायची.

म्हणून पाचोळा म्हणजे याचं ताट. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखाली काडी लावतात, आग पसरते, आणि जूनमध्ये पाखरू येतं तेव्हा जमीन उघडी पडलेली असते. फुलं वेचायला आधी जुनी साडी किंवा जाळी अंथरा. आग लावायची गरजच नाही.

बघायचं असेल तर उजाडायच्या आत नाल्याकाठच्या गचपणाजवळ जाऊन बसा. हालचाल नको, भडक कपडे नकोत. शीळ येते तिकडं जमीन आणि खालच्या फांद्या न्याहाळा. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका, ही माझी कळकळीची विनंती. हे विणीचे दिवस. दुसरा नवरंग हद्दीत शिरलाय असं समजून तो घरटं सोडून धावतो. घरटं असतं जमिनीवर नाहीतर ठेंगण्या झाडावर: काड्या-पानांचा गोळा, बाजूला तोंड, आत ४-५ अंडी.

थंडीत हा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत असतो. पिट्टा हे याचं इंग्रजी नाव मूळचं तेलुगू, अर्थ पाखरू; तेलंगणाच्या सीमेवरच्या देगलूर-बिलोलीकडच्यांना ते सांगायला नको!

प्रवास रात्रीचा. त्यामुळं जाता-येता थकून अंगणात उतरतो, काचेवर आपटतो. सापडला तर भोकं पाडलेल्या खोक्यात, तळाला सुती कापड टाकून, अंधारात शांत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. तास-दोन तासांनी सावरला तर दिवस मावळायच्या आत झाडीजवळ खोकं उघडा. पंख लोंबत असेल तर वनविभागाला १९२६ वर फोन करा.